दिवा, पंखा आणि बाबांची बोट

बदलापुरात माणसं निवृत्त झाली की दोन गुंठे घेऊन आंबे लावतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन एकमेकांचं बीपी विचारतात. माझ्या बाबांनी शिडाची बोट घेतली.

बोट अर्थातच बदलापुरात राहत नाही. आमच्या उल्हास नदीत म्हशी डुंबतात, शिडं दिसत नाहीत. ती राहते पेणच्या पुढे, एका खाडीतल्या लहानशा धक्क्यावर, मच्छीमारांच्या होड्यांच्या शेजारी. पण तिची बॅटरी मात्र बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी इतकी फिरली की बोटीपेक्षा तिचाच प्रवास जास्त झाला. ही गोष्ट त्या बॅटरीची आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या आईची.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी होते. काटे, मीटर, गेज, प्रेशर दाखवणारी घड्याळं, हा सगळा त्यांचा विभाग. त्यांच्या बरोबरच्या एका साहेबांकडे ही बोट होती. बाबा त्यांच्याबरोबर जाऊन जाऊन शीड सांभाळायला शिकले, आणि ते साहेब मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा बोट बाबांच्या गळ्यात पडली. म्हणजे पडली असं आई म्हणते. बाबांनी गळा पुढे केला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

बोट तशी लहान. मागे पाचसहा जणांना बसायला जागा, पुढे वाकून आत शिरता येईल एवढी खोली, त्यात दोन बाकं आणि एक गोल खिडकी. बाबांनी फोटो आणून आईला दाखवला. आई तेव्हा गॅलरीत वाल सोलत होती. तिनं चष्मा वर करून फोटो पाहिला, वालाचं साल बाजूला टाकलं आणि विचारलं, “हिच्यात दिवा आहे?”

“लावता येईल,” बाबा म्हणाले.

“पंखा?”

“तोही लावता येईल.”

“मग दिवा आणि पंखा नीट चालायला लागले की मला सांगा. येईन मी. अंधारात आणि घामात मी बसणार नाही.”

आईनं हे टाळायला म्हटलं होतं. तिला पाणी आवडत नाही, डोलणारी वस्तू तर मुळीच नाही, जत्रेतला पाळणासुद्धा तिनं कधी जवळून पाहिलेला नाही. पण बाबांनी तो शब्द धरला. इन्स्ट्रुमेंटवाल्या माणसाला अट सांगितली की त्याला ती मोजता येते. दिवा आणि पंखा. त्यांनी त्याच आठवड्यात दोन्ही आणले.

तिथून पुढे बोटीत माझे मामा बसून आले, सोसायटीतले काका बसून आले, माझ्या नवऱ्यानं तर तिथे आडवं पडून घोरूनही घेतलं. पण बाबांना त्या बोटीत एकच माणूस हवं होतं आणि तेवढंच येत नव्हतं.

आता थोडं बॅटरीबद्दल. बोटीवरचा दिवा, पंखा, इंजिन सुरू करायचं बटण, सगळं एका बॅटरीवर. शिवाय तळाशी एक छोटा पंप होता. सुकाणूच्या जवळून थोडं थोडं पाणी झिरपायचं. बाबा म्हणायचे, प्रत्येक बोटीत झिरपतं. ते साठलं की पंप आपोआप सुरू होऊन बाहेर फेकायचा. म्हणजे आम्ही बदलापुरात निवांत जेवत असताना तिकडे पंप बॅटरी खात बसलेला. आम्ही जायचो शुक्रवारी. अंबरनाथच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, मीही तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला, त्यामुळे जन्मापासून शुक्रवार हाच माझा रविवार. शुक्रवारी पोचावं तो बॅटरी मेलेली, तळाशी घोटाभर पाणी, आणि आम्ही बापलेक प्लास्टिकचे मग घेऊन ते उपसतोय.

इंजिन दोरी ओढूनही सुरू करता यायचं, पण बाबांच्या खांद्यानं तो मार्ग कधीच बंद केला होता, आणि मी ओढली की ते नुसतं खोकायचं. धक्क्यावरून इंजिनानं बाहेर पडायचं, मग मोकळ्या पाण्यात शीड उघडायचं, ही बाबांची शिस्त. इंजिन नाही तर बोट नाही. त्यामुळे कितीतरी शुक्रवारी आम्ही एवढ्या लांब जाऊन, बॅटरीवर ओणवे होऊन, तसेच परत आलो. धक्क्यावरच्या होड्या आमच्या डोळ्यांदेखत सुटायच्या आणि मासे घेऊन परतसुद्धा यायच्या.

पहिला उपाय म्हणून बाबा बॅटरी घरी आणायला लागले. मी चिखलोलीला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहते आणि आईबाबा कुळगावात, आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये. तिथे गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी बॅटरी चार्जिंगला लागायची. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आईनं आधी तुळस हलवली, मग वाळत घातलेल्या साड्या हलवल्या. तरी एका साडीला बारीक बारीक भोकं पडलीच. अ‍ॅसिडचा एखादा शिंतोडा पुरतो. आईनं ती साडी घडी करून बाबांच्या उशीवर ठेवली.

आणि बॅटरी घरी म्हणजे तिकडे पंप बंद, म्हणजे बोटीत पाणी जास्त. आगीतून फुफाट्यात.

धक्क्यावर एक मावशी होत्या. कोळी बाई, माझ्या आईच्याच वयाच्या. चहाची टपरी चालवायच्या, सुके मासे विकायच्या, आणि आमच्या बोटीवर लक्ष ठेवायच्या. बोटीत पाणी जास्त दिसलं की त्या बाबांना फोन करायच्या. बाबा फोन कधीच उचलत नाहीत, तो चार्जिंगला लावून विसरतात. फोन उचलायची आई. पहिल्यांदा बोलणं पाण्याबद्दल झालं, दुसऱ्यांदा बोंबलांबद्दल, आणि नंतर पाणी राहिलं बाजूलाच. दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, पण मावशींच्या सुनेचं बाळंतपण आईला पाठ होतं आणि माझ्या थायरॉइडची गोळी मावशींना. दर शुक्रवारी माझ्याबरोबर एक कापडी पिशवी जायची, त्यात मेतकूट, लाडू, कधी पापड. येताना तीच पिशवी जवळा, सोडे भरून यायची, आणि आमच्या गाडीला तो वास पुढचा शुक्रवार येईपर्यंत पुरायचा.

मग एका पावसाळ्यानंतर, बोट परत पाण्यात उतरवायची वेळ आली तेव्हा, बाबा आम्हा दोघा भावंडांना म्हणाले, “एवढा हंगाम बघतो. गुडघे ऐकत नाहीत आता. उन्हाळ्यात देऊन टाकू कुणाला तरी.”

माझा भाऊ बाहेरगावी असतो, तो फोनवरूनच लगेच बरं म्हणाला. बाबा आईकडे बघत नव्हते, पण मला कळलं ते काय मोजत होते ते. हंगाम एकच उरला होता, आणि आई अजून आली नव्हती.

“सोलर लावू,” मी म्हटलं. “छपरावर एक पॅनल टाकू. बॅटरी तिथेच राहील, ऊन तिला भरेल, पंपाला काय खायचं ते खाऊ दे.”

बाबांचा चेहरा असा झाला की ही कल्पना आपल्याला आधी का सुचली नाही. चाळीस वर्षं मीटर बघितलेल्या माणसाला मुलीनं सांगावं हे जरा लागलंच असणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते उल्हासनगरला जायला तयार.

उल्हासनगरात काय मिळत नाही? लग्नाच्या शेरवान्या, जीन्स, फर्निचर, मिक्सरचे पार्ट, आणि हव्या त्या देशाचं लेबल. बाबांचा एक सिंधी दुकानदार ठरलेला. घरचा इन्व्हर्टर, माझ्या स्कूटरची बॅटरी, सगळं त्याच्याकडूनच. बाबा दर वेळी “ओरिजनल आहे ना” असं विचारतात आणि तो दर वेळी दुखावल्यासारखा चेहरा करतो. दुखावल्यासारखा म्हणजे खोटा, त्याला तो खेळ आवडतो.

“साईं, बोट को सोलर?” तो म्हणाला. “बदलापूर में समुंदर आ गया क्या? मला पण सांगा, मी पण प्लॉट घेतो.”

त्यानं पॅनल दिलं, बॅटरी जास्त भरून फुगू नये म्हणून मध्ये लावायची डबी दिली, वायर दिली, आणि पॅनल फुटपाथवर उन्हात ठेवून बल्ब पेटवून दाखवला. बाबा मीटर घेऊन गेले होतेच. आकडा बघून ते खूश झाले. चहा झाला.

शुक्रवार येईपर्यंत पॅनल कुळगावच्या हॉलमध्ये सोफ्याला टेकून उभं होतं. एकदा मी गेले तेव्हा आई शिवणाची टेप घेऊन त्याच्यापाशी वाकलेली. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, “कुठं ठेवायचं ते बघतेय. जातायेता पाय लागतो.”

मला ते पटलं. आईच्या हॉलमध्ये कुठलीच वस्तू मोकळी नसते हे इथे सांगायला हवं. मिक्सरला कव्हर, वॉशिंग मशीनला कव्हर, फ्रिजच्या माथ्यावर खिसेवालं कापड, रिमोटला प्लास्टिक, इन्व्हर्टरला झालर. सगळं तिनं शिवलेलं. निळ्या कापडावर पांढरी फुलं, एकाच ताग्यातलं, उल्हासनगरच्याच बाजारातलं. बाबा आयुष्यभर त्या कव्हरांची टिंगल करत आले. पाहुणे आले की म्हणायचे, “जपून बसा, थोडा वेळ हलला नाहीत तर तुम्हालाही शिवेल.” पाहुणे हसायचे. आईही हसायची. मीही हसायचे.

पॅनल बसवलं आणि पहिल्या शुक्रवारी चमत्कार झाला असं आम्हाला वाटलं. बोटीवर पोचल्यावर बाबांनी दिवा लावला, पंखा लावला, आणि दोन्ही चालू ठेवून नुसते बघत बसले. मग मला म्हणाले, “आता पुढच्या वेळी तिला विचारतो.”

पुढच्या वेळी बॅटरी मेलेली.

मग सुरू झाली शोधमोहीम. पॅनल ठीक होतं. आम्ही असताना त्याच्यावर ऊन पडलेलं, काच आरशासारखी लख्ख, आकडा बरोबर. बाबांना वाटलं डबी बिघडली. दुकानदारानं डबी बदलून दिली. पुढच्या शुक्रवारी तेच. मग वाटलं वायर. वायर बदलली. मग वाटलं गळती वाढली म्हणून पंप जास्त चालतोय. बोट ओहोटीला चिखलात टेकवून बाबांनी सुकाणूपाशी फटीत पुट्टीसारखी लांबी भरली, आणि वर येताना गुडघ्यापर्यंत रुतले. मावशींनी आणि मी मिळून त्यांना ओढून काढलं. गळती कमी झाली, बॅटरी तरी मेलेलीच. मग बॅटरीच नवी घेतली. ती काही आठवडे तग धरून होती, म्हणजे अगदीच मरायची नाही, अर्धमेली असायची. नंतर तीही जुनीच्या वळणावर गेली.

बाबा चिडके झाले. पॅनल काढून ते परत उल्हासनगरला घेऊन गेले, दुकानाच्या दारातच म्हणाले, “ड्युप्लिकेट दिलंस मला.”

या वेळी दुकानदार खरंच दुखावला. त्यानं पॅनल फुटपाथवर ठेवलं, बल्ब जोडला. बल्ब पेटला. “माल में खोट नाही, साहेब,” तो म्हणाला. “तुमच्या खाडीवर सूरज कमी पडत असेल, तर त्याला मी काय करणार?”

बाबा घरी येऊन म्हणाले, “कुणीतरी वीज चोरतंय. मावशी मोबाईल चार्ज करत असणार, नाहीतर त्यांचे होडीवाले.”

आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. “त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ती बाई तुमची ती काच दर शुक्रवारी पुसते, माहीत आहे का? स्वतःच्या पदरानं पुसते.”

ही माहिती आईकडे कुठून आली हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्या क्षणी एक प्रश्न विचारला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

पॅनल पुढच्या शुक्रवारी परत छपरावर बसलं, आणि इकडे हंगाम सरत होता. होळी जवळ आली. बाबांनी आईला पुन्हा एकदाही विचारलं नाही. विचारणार तरी काय? दिवा लागत नव्हता, पंखा फिरत नव्हता. एका शुक्रवारी परतताना, कर्जतच्या अलीकडे कुठेतरी, ते गाडीत म्हणाले, “राहू दे आता. द्यायची तर लवकर देऊन टाकू.” मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली, की मी त्यांच्यावर ओरडले. माझं असंच होतं. आधी राग येतो, मग कळतं की तो राग नव्हता.

त्यानंतरच्या मंगळवारी आमच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीसाठी सुट्टी निघाली. मी सकाळीच कुळगावात गेले आणि बाबांना म्हटलं, चला. आज मधल्याच दिवशी जाऊन बघू, वीज कोण चोरतं ते. आई मंदिरात गेली होती, तिला चिठ्ठीबिठ्ठी काही ठेवली नाही, गाडीतून फोन करू म्हटलं आणि तोही राहिला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. खाडी चकाकत होती. आमची बोट तिच्या जागी होती आणि तिच्या छपरावर, जिथे पॅनलची काळी काच दिसायला हवी, तिथे निळ्या कापडावर पांढरी फुलं होती.

मी लांबूनच ओळखलं. बाबांनीही ओळखलं असणार, कारण ते चालता चालता थांबले.

जवळ जाऊन पाहिलं. पॅनलच्या मापाचं तंतोतंत कव्हर. चारी कोपऱ्यांना बंद, खालच्या रेलिंगला बांधलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. कडेला पांढरी पट्टी. वायर बाहेर यायला छोटं काज, तेसुद्धा सुबक शिवलेलं.

मावशी टपरीतून लगबगीनं आल्या. “अगो बाय, तुम्ही आज मंगळवारी कशा आलाव?” आणि धावत जाऊन त्या कव्हराचे बंद सोडायला लागल्या.

“मावशी, हे रोज असतं?” मी विचारलं.

“मग? तुझ्या आईनंच तर पाठवलंय, लाडवांच्या पिशवीत. बोलली, महागाची काच हाय, उन्हात तडकंल, कावळं घाण करतील. तुम्ही गेलाव की मी बांधते आणि शुक्रवारी सकाळी काढून पुसून ठेवते.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “साहेबांना दिसू देऊ नका बोलली. हसतात म्हणं तिला.”

ती पिशवी मीच नेली होती.

म्हणजे पूर्ण आठवडा ते पॅनल फुलांच्या कापडाखाली झोपलेलं असायचं, आणि आम्ही यायच्या आधी आंघोळ करून तयार. डबी निर्दोष, वायर निर्दोष, दुकानदार निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्ही उल्हासनगरपर्यंत गेलो होतो.

मला हसू फुटलं. इतकं, की मी बोटीच्या काठावर बसून पोट धरून हसले. मावशींना कळेना काय झालं. बाबा हसले नाहीत. त्यांनी कव्हर हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आतून हात फिरवला. “आतून मऊ कापड लावलंय,” ते म्हणाले. “काचेला चरा पडू नये म्हणून.” मग ते खाली बसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, आतून मऊ कापड लावलंय.

बॅटरी तपासली. इतके दिवस रिकामी राहून राहून ती कामातून गेली होती, आता ऊन मिळूनही काही धरणार नव्हती. नवी लागणार होती. बाबांनी ती सोडवून गाडीत ठेवली, आणि कव्हराची व्यवस्थित घडी करून मावशींच्या हातात दिली.

परत येताना म्हणाले, “तिला सांगायचं नाही.”

“का नाही?”

“वाईट वाटेल तिला. मी मावशींना सांगतो, दिवसा बांधू नका म्हणून. संपलं.”

“आणि आईला कधीच कळणार नाही, की सोलरला ऊन लागतं?”

“काय गरज आहे?”

मला पुन्हा राग आला, आणि या वेळी तो रागच होता. घरी गेल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती. मी तिच्या समोर बसले, जुडी ओढून घेतली, आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. पॅनल ऊन खातं, त्याची वीज होते, ती बॅटरीत जाते. झाकलं की उपाशी राहतं.

आईचे हात थांबले. ती लाल झाली. मला वाटलं आता रडेल, आणि मी स्वतःला शिव्या दिल्या.

“मला वाटलं ते पत्र्यासारखं काहीतरी आहे,” ती म्हणाली. “बॅटरीवर सावली करायला.” मग तिनं बाहेरच्या खोलीकडे तोंड केलं आणि आवाज चढवला. “अहो, इकडे या जरा.”

बाबा दारात येऊन उभे राहिले.

“कारखान्यातले वॉल्व्ह मला तुम्ही लग्नापासून समजावत आलात. कुठला उघडला की काय होतं, कुठल्या साहेबानं कुठला चुकीचा उघडला. ही काच एवढे दिवस माझ्या हॉलमध्ये उभी होती, तेव्हा तिला ऊन लागतं हे नाही सांगावंसं वाटलं?”

“तुला बोटीचं काही ऐकायचं नसतं,” बाबा म्हणाले.

“असं मी म्हणते,” आई म्हणाली. “म्हणून तुम्ही सांगायचंच नाही?”

आईनं मेथीची ताटली उचलली, ओट्यावर ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “शुक्रवारी मी येणार आहे. मला बघायचंय ते कुठं बसवलंय.”

बाबा दचकले. “या शुक्रवारी नको. बॅटरी गेलीये. नवी यायला आठवडा लागेल. दिवा लागणार नाही, पंखा चालणार नाही.”

“मी काही विचारलं का दिव्याचं?”

बुधवारी बाबा उल्हासनगरला गेले, मेलेली बॅटरी घेऊन आणि पडलेला चेहरा घेऊन. दुकानदाराला सगळं सांगितलं, माफ कर म्हणाले. तो आधी हसला, मग आतल्या आपल्या टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीच्या काचेवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं, मधोमध पिवळं पडलेलं. “घरवाली निकालने नहीं देती,” तो म्हणाला. “बोलते, नया है.” नवी बॅटरी पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. बाबांनी घाई करायला सांगितली. गुरुवारी पुन्हा फोन केला. बॅटरी काही आली नाही.

शुक्रवारी सकाळी आई तयार होऊन खाली उभी होती. पायात बूट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. गाडीत बाबा सारखे म्हणत होते, आज नुसतं बघायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि यायचं. बॅटरी आली की मग एक दिवस नीट जाऊ. आई हूं हूं करत होती. खोपोलीच्या वळणांवर तिनं डोळे मिटून घेतले ते पेणला उघडले.

धक्क्यावर मावशी वाट बघत होत्या. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच भेटल्या, आणि जणू कालच बाजारात दिसल्या होत्या अशा थाटात गेल्या वेळचं बोलणं तिथूनच पुढे सुरू केलं. मग आई बोटीकडे वळली. फळी हलत होती. मी एक हात धरला, मावशींनी दुसरा. बाबा बोटीत दोन्ही हात पुढे करून उभे होते. आईनं एक पाय टाकला, देवाचं नाव घेतलं, दुसरा पाय टाकला, आणि बाबांचं मनगट घट्ट पकडून खाली बसली.

मग तिनं पॅनल पाहिलं. उठून नाही, बसूनच, मान वर करून. हात लांब करून काचेला लावला आणि मागे घेतला. “तापलंय की,” ती म्हणाली. “मग हे आता वीज करतंय?”

“करतंय. पण ठेवायला बॅटरी नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं दाखवलं. डबी, वायर, पंप, दिवा कुठे, पंखा कुठे. ती प्रश्न विचारत होती आणि बाबा उत्तरं देत होते, आणि त्यांचा आवाज मी कारखान्याच्या गोष्टी ऐकायचे तेव्हाचा झाला होता. शेजारची एक होडी सुटली. ओहोटी लागली होती, जमिनीकडून झुळूक येत होती, होडीवाल्यानं बांबूनं धक्क्याला रेटा दिला आणि होडी हलकेच खाडीच्या तोंडाकडे निघून गेली. आई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

“आपण कधी निघायचं?” तिनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, सांगितलं ना. बॅटरी नाही. इंजिन सुरू होणार नाही.”

आईनं डोलकाठीकडे पाहिलं, तिच्याभोवती गुंडाळलेल्या शिडाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“शिडाला बॅटरी लागते?”

बाबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वर, कुठल्या बाजूनं वारा आहे ते. मग खाली वाकून त्यांनी धक्क्याचा दोर सोडला.